बाळंतपणात 'दैवी' काही वाटायलाच हवं का?

अर्धी_झोप

बाळ अकरा आठवड्यांचं आहे, म्हणजे हे एका हाताने टाइप करतेय. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझ्या पोटात तर आता भरपूर जागा आहे.

गरोदर असल्यापासून जो भेटेल तो सांगायचा, त्या क्षणी बाई देवाच्या सगळ्यात जवळ असते, बाळाचं तोंड बघशील तेव्हा कळेल. मी देवधर्म करणारी नाही, पण अगदीच कोरडीही नाही. त्या क्षणाची मी वाट बघत होते हे खरं.

झालं असं की सोळा तास कळा काढल्या, मग बाळाचे ठोके उतरायला लागले म्हणून घाईघाईने सिझर. कंबरेखाली सगळं बधिर, कंबरेवर थंडीने दात वाजतायत आणि तोंडासमोर हिरवा पडदा. पडद्यापलीकडे दोघं जण कुणाच्या तरी नव्या गाडीच्या मायलेजबद्दल बोलत होते. त्यातच मधे कुणीतरी "मुलगी" म्हणालं आणि परत मायलेज सुरू. मग तिला दोन सेकंद माझ्या गालाशी आणलं. मनात आलेला पहिला विचार, अगदी शपथेवर सांगते: "हिचे कान दुमडलेत." बस. ना डोळ्यांत पाणी, ना कसला साक्षात्कार.

तिसऱ्या रात्री मात्र काहीतरी झालं. ते नंतर सांगेन, कारण त्याला काय म्हणायचं हे मलाच कळलेलं नाही.

तर, बाळंतपणाला आध्यात्मिक बाजू असते असं तुम्हाला वाटतं का? असेल तर ती माझ्या वाट्याला का आली नाही? आणि डॉक्टर-नर्सनी तिची काही दखल घ्यावी ही अपेक्षा अति आहे का?

शर्वरी_क

'कान दुमडलेत'ला पैकीच्या पैकी. माझा पहिला विचार 'ही थेट सासऱ्यांसारखी दिसतेय' असा होता. तोही दैवी नक्कीच नव्हता. वाचतेय.

सहजप्रवाह

स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. तुझा अनुभव हुकला नाही, तो हुकवला गेला. कळा वाढत जातात तसं शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, एंडॉर्फिन वाढतात, बाई आपोआप आत ओढली जाते. त्यात झगझगीत दिवे, अनोळखी माणसांची ये-जा, सारखी तपासणी सुरू झाली की ॲड्रेनलिन चढतं आणि कळा मंदावतात. कुठलीही मांजर व्यायला अडगळीतला कोपराच का शोधते?

माझी दुसरी खेप मंद उजेडात, भूल न घेता झाली. शेवटच्या तासात मी 'मी' नव्हतेच, याहून नीट सांगता येणार नाही. मला वाटतं वेदना हीच वाट आहे. ती बधिर केली की पलीकडे पोचणार कसं?

तिरकी_रेघ

आलं का? म्हणजे सिझरवाल्या, भूल घेतलेल्या, कळा थांबवून ऑपरेशनला गेलेल्या सगळ्या नापास. आधी 'आई झालीस की कळेल' ही परीक्षा होती, आता 'नीट आई झालीस तरच कळेल'.

भूलभुलैया

भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे 'वेदना हीच वाट' वाचून गप्प बसवेना.

हा वाद जुना आहे. एडिनबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ मध्ये बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. तेव्हा बायबलमधल्या 'वेदनेत मुलं प्रसवशील' या शापाचा आधार घेऊन आक्षेप आले. सिम्पसनही बायबल कोळून प्यायलेले. त्यांनी त्याच वर्षी पुस्तिका काढून उलटा सवाल केला, हव्वा घडवायला आदामाची फासळी काढायच्या आधी देवाने त्याला गाढ झोपवलं होतं, ते कशाला? पुढे १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि कुजबुज बरीच थंडावली. (धार्मिक विरोध पुढे सांगोवांगी फुगवला गेला असं इतिहासकार म्हणतात. डॉक्टरांचे वैद्यकीय आक्षेपच जास्त होते.)

सहजप्रवाह, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. शांतता आणि मंद उजेडाबद्दल तर शंभर टक्के सहमत. पण वेदनेने काही बायका आत जातात, तर काही नुसत्या चिरडल्या जातात. आधीच कोण कुठल्या बाजूची हे ओळखता येत नाही.

अर्धी_झोप, कंबरेतल्या इंजेक्शननंतर थरथर खूप जणींना होते. पायाकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब तिकडे पसरते. पण हे तुम्हाला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं. पडद्याच्या अलीकडे, बाईच्या डोक्याशी आम्हीच असतो. ऑपरेशन करणाऱ्यांना तिचं पोट दिसतं, चेहरा फक्त आम्हाला दिसतो. मायलेजबद्दल मात्र आमच्या सगळ्या जमातीतर्फे माफी. आम्हाला तो रोजचा मंगळवार असतो.

कुचकट_काका

बारा वर्षांपूर्वी बाप झालो. आध्यात्मिक प्रगती: झोपेच्या बाबतीत वैराग्य येईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात आसक्ती वाढली आणि प्राप्ती थांबली. हलकेच घ्या.

शब्दवेडा

थोडं अवांतर. मराठीने या प्रश्नाचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. बाई बाळंत झाली की आपण काय म्हणतो? 'सुटली', 'मोकळी झाली', 'सुटका झाली'. मूल अडलं तर 'अडली'. संसारातून सुटण्यासाठी जे शब्द वापरायचे तेच आपण बाळंतिणीला बहाल केलेत. 'वेण' हा शब्द 'वेदना'वरून आला, आणि वेदनेच्या मुळाशी 'विद्' आहे, म्हणजे जाणणं.

आणि सॉक्रेटिसची आई फायनारेटी सुईण होती. प्लेटोच्या 'थिएटिटस'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, माझा धंदा आईचाच. मी स्वतः वांझ आहे, पण दुसऱ्यांचे विचार बाहेर काढतो आणि निघालेलं पोर खरं की पोकळ हे तपासतो.

कुचकट_काका

म्हणूनच शेवटी मानधनात विष मिळालं. सुईणीचा धंदा पुरुषाने करू नये.

रात्रपाळी

लेबर रूममध्ये एकोणीस वर्षं नोकरी. शब्दवेडांचा प्रतिसाद वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे 'सुटली' हा शब्द दिवसातून दहादा येतो आणि त्यात मोक्षबिक्ष काही आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

माझ्याकडे सिद्धांत नाहीत, पाहिलेलं सांगते. पिशवीचं तोंड आठ-नऊ सेंटिमीटर उघडलं की बहुतेक बायकांच्या तोंडून एकाच अर्थाची वाक्यं येतात. "माझ्याच्यानं नाही होणार", "मला घरी जाऊ द्या", "मी मरते आता". पहिलटकरीण असो नाहीतर तिसरी खेप, शिकलेली असो नाहीतर नसो. आम्हाला त्यावरून कळतं की आता फार वेळ नाही. पण तिला ते खरंच मरण वाटत असतं. बाळंतपण म्हणजे पुनर्जन्म असं म्हणतात ना, ते नुसतं धोक्याबद्दल नसावं.

त्या वेळी समजावून चालत नाही. 'सगळ्यांनाच होतं' तर अजिबात म्हणू नये. मी दार लोटते, मोठा दिवा बंद करून तपासणीचा छोटा ठेवते आणि तिच्या नजरेच्या पातळीला येऊन बसते. उभं राहून बोललं की तिला मान वर करावी लागते. हात मी आपण होऊन धरत नाही, पलंगाच्या कडेला नुसता ठेवते. हवा असेल तर ती धरते. काही जणी नखं रुतवतात, काही जणी एक बोट पकडतात.

एक बाई आठवते. डोळे मिटलेले, ओठ सारखे हलतायत. मला वाटलं जप चाललाय, म्हणून सगळ्यांना गप्प केलं, बीपी घ्यायला आलेल्या पोरीलाही थांबवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय म्हणत होतीस गं? म्हणाली, "एकोणतीसचा पाढा. कधीच पाठ झाला नव्हता." तेव्हापासून कुणाचं काय चाललंय याचा अंदाज बांधणं सोडलं. आता भरती होतानाच विचारते, कळा वाढल्या की तुला शांतता हवी की कुणाचा आवाज? आणि आम्ही करू नये असं काही आहे का? याला मिनिटभर लागतो. तो नसतो असं नाही, आपल्याला सुचत नाही.

नवा_बाबा

पुढच्या महिन्यात आमची तारीख आहे आणि हा धागा वाचून घाम फुटलाय. @रात्रपाळी, मी आत असावं का? असलो तर नेमकं करायचं काय?

रात्रपाळी

तिला विचारा, आम्हाला नाही. तुमच्याऐवजी तिला आई किंवा मैत्रीण हवी असेल तर वाईट वाटून घेऊ नका. आत आलात तर पोटभर खाऊन या, उपाशी आलेले नवरे धाडकन पडतात. मोबाइल खिशात. आणि सूचना देऊ नका, 'श्वास घे' हे तिला माहीत असतं. तुम्ही तिच्याबरोबर श्वास घ्या.

नुसतं कुणी सतत जवळ असण्याने काय होतं यावर २०१७ चा एक मोठा आढावा आहे, २६ चाचण्या आणि १५ हजारांहून जास्त बायकांचा. सिझरचं प्रमाण थोडं कमी, वेदनाशामकं कमी, कळांचा वेळ जरा कमी आणि नंतर 'वाईट झालं' म्हणणाऱ्या कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्येही बाईच्या पसंतीचा सोबती असावा हे स्पष्ट आहे. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे ही घाईही त्यात मोडीत काढलीय.

केतकीवन

नाळ न कापता वारेसकट बाळ ठेवायचं, आपोआप गळू द्यायची, त्याने बाळाचं नातं हळुवार सुटतं असं एका ठिकाणी ऐकलं. कुणी केलंय का?

भूलभुलैया

कृपया नको. नाळ कापायला मिनिट ते तीन मिनिटं थांबणं वेगळं, त्याने बाळाला जास्तीचं रक्त मिळतं आणि ते चांगलंच. पण नाळेतले ठोके थांबले की वार हे मृत मांस आहे. ते बाळाला जोडून दिवसचे दिवस ठेवलं तर जंतुसंसर्ग बाळापर्यंत जाऊ शकतो. हळुवारपणासाठी बाकी बऱ्याच जागा आहेत.

शांत_पाणी

बरेच दिवस नुसती वाचते इथे. आज लिहिते.

माझं बाळ चौतिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. तरी कळा द्याव्या लागल्या, अकरा तास. कळा तशाच असतात, फक्त शेवटी रडण्याचा आवाज येत नाही. सगळे त्या शांततेची तयारी करून उभे असतात आणि तरी सगळे कान देऊन ऐकत असतात.

एक डॉक्टर म्हणाले, वय आहे अजून, पुढच्या वेळी होईल. त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं असणार. मग एक नर्स आली. तिने विचारलं, "नाव ठरवलं होतं का?" मी सांगितलं. तिने कोमट पाण्यात ओला केलेला कपडा पिळला आणि बाळाला पुसताना प्रत्येक वेळी नाव घेऊन बोलली. "आता हात पुसू हं. आता दुसरा." बोटांच्या मधूनसुद्धा पुसलं. मग दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, घाई नाही.

तिच्याशिवाय ते नाव इतर कुणी कधीच हाक मारायला वापरलं नाही.

अध्यात्म म्हणजे काय मला माहीत नाही. पण त्या खोलीत काहीतरी होतं आणि ते तिने आणलं होतं.

कुचकट_काका

वरचे माझे दोन्ही प्रतिसाद काढले असते, संपादनाची मुदत गेली. माफ करा ताई.

शांत_पाणी

असू देत काका. सॉक्रेटिसवर हसले होते.

तिरकी_रेघ

@शांत_पाणी, काय लिहू. वाचलं, एवढंच.

या विषयावर मी आधी चिडून बोलले त्यामागे हेच होतं. बाळंतपण पवित्र वगैरे म्हणता म्हणता लोक हळूच हिशेब मांडायला लागतात. प्रसन्न राहिली म्हणून बाळ गोंडस, मग ज्यांचं बिघडलं त्या काय प्रसन्न नव्हत्या? माझ्या बहिणीला गर्भपातानंतर एका शहाण्या बाईने 'तू फार ताण घ्यायचीस' असं ऐकवलं होतं. सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गुणसूत्रांच्या गोंधळामुळे होतात, हे तिला डॉक्टरने सांगेपर्यंत तीन महिने ती स्वतःलाच खात होती.

धाकटी_मावशी

अजून एक बाजू लिहिते, कारण आमच्याकडे ती उशिरा कळली. मोठी बहीण बाळंत झाल्यावर चौथ्या दिवसापासून झोपेचना. थकलेलीही दिसेना. चेहऱ्यावर तेज, सारखं बोलणं, बाळ कुणीतरी मोठा आत्मा आहे, ते माझ्याशी बोलतं म्हणायची. घरातल्या दोन ज्येष्ठ मंडळींचे हात जोडले गेले होते. आम्हाला वाटलं, काहीतरी अलौकिक घडतंय. सहाव्या दिवशी ती बाळाला घेऊन पहाटे गच्चीवर गेली. माझी झोप मोडली म्हणून बरं.

नंतर आजाराचं नाव कळलं. उपचार झाले, आता ठणठणीत आहे, पण त्या दिवसांबद्दल बोलत नाही.

भूलभुलैया

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा असा आहे. प्रसूतिपश्चात सायकोसिस, हजार बाळंतपणांत एक-दोन जणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप न येणं आणि झोपेची गरजच न वाटणं, झपाट्याने बदलणारा मूड, संशय, भास, बाळाबद्दल अचाट कल्पना. ही आणीबाणी आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उपचारांनी बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

यातून आध्यात्मिक अनुभव म्हणजे आजार असा अर्थ काढू नका. अनुभव आला आणि बाई नंतर झोपली, जेवली, चिडली, तर तो तिचा अनुभव. झोपच गेली असेल तर हात जोडण्याआधी फोन लावा.

सहजप्रवाह

'हुकवला गेला' हे वाक्य मी मागे घेते, अर्धी_झोप. चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी म्हटलं. माझ्या दुसऱ्या खेपेबद्दलचं मागे घेत नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, उजेड मंद होता हे खरं, पण माझी सुईण चार तास जमिनीवर मांडी घालून बसली होती हेही खरं. त्याचं श्रेय मी आजवर वेदनेला देत आले.

कुचकट_काका

आता गंभीर लिहितो, सवय नाही, सांभाळून घ्या.

आमचं पोर एकतिसाव्या आठवड्यात आलं. १४०० ग्रॅम. आई आयसीयूत, पोर काचेच्या पेटीत. थोडं स्थिर झाल्यावर नर्स म्हणाली, शर्ट काढा. मला वाटलं माझीच तपासणी. तिने खुर्चीत बसवलं, पोराला लंगोट-टोपीवर छातीवर उभं ठेवलं आणि वरून कापड बांधलं. "हलू नका," म्हणाली. मी तीन तास हललो नाही. नाक खाजत होतं.

ही 'कांगारू' पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. इनक्युबेटर पुरत नव्हते, एकेकात जास्त बाळं ठेवायची, संसर्ग व्हायचा, म्हणून आयांनाच इनक्युबेटर केलं. आता तर कमी दिवसांच्या बाळांना जन्मल्यापासूनच दिवसातले ८ ते २४ तास असं ठेवा म्हणतात.

मॉनिटरवर त्याचे उड्या मारणारे आकडे हळूहळू एका जागी यायला लागले. माझेही आले असणार, मला मॉनिटर लावला नव्हता. मी तेव्हा नास्तिक होतो, आजही आहे. तिथे कुणी देव नव्हता, कातडी होती. मला तेवढं पुरलं. वर कुणी अध्यात्माचा शिक्का मारू नये एवढीच विनंती.

रात्रपाळी

नाही मारत, काका. पण त्या तीन तासांत कितीदा डोळे पुसले ते तुमच्या नर्सला विचारायला हवं.

उशिरा_आलेला

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण मूळ प्रश्न भूल द्यावी की नाही असाच आहे ना? माझ्या मते द्यावी.

शर्वरी_क

तुम्हालाच द्यावी.

अर्धी_झोप

बाळ झोपलंय, पटकन लिहिते. शांत_पाणी, तुमचं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

तिसरी रात्र. नवरा खाली चटईवर घोरत होता. मुलगी माझ्या शेजारी. लक्षात आलं की ती श्वास घेते, घेते आणि मधेच थांबते. एकदम थांबते. मग पुन्हा भरभर सुरू. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच... सुरू. पुन्हा थांबली, सहा. त्या मधल्या रिकाम्या जागेत मी चक्क विनवणी करत होते. कुणाला, ते माहीत नाही. शब्दही नव्हते, नुसतं 'घे, घे, घे'. आणि एकदम जाणवलं की मी जिला जन्म दिला तिला कधीतरी मरणही आहे, आणि ते मीच दिलंय. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. असं मला आधी कुणाबद्दल, कशाबद्दल वाटलं नव्हतं. ते दैवी असेल तर दैवी गोष्ट फार भयंकर असते.

बेल दाबली. रात्रीच्या सिस्टर आल्या. मला वाटलं म्हणतील, काही नसतं, झोपा. त्यांनी दिवा नाही लावला. मोबाइलच्या उजेडात घड्याळ बघत बाळाच्या पोटावर नजर ठेवून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात मोजायला लागल्या. मीही मोजायला लागले, त्यांच्याबरोबर. बाळ थांबलं तेव्हा त्याही थांबल्या. पुन्हा सुरू झालं तेव्हा पुढचा आकडा. "बेचाळीस," म्हणाल्या. "छान आहे." नवजात बाळं अशी मधेमधे थांबतात, दहा सेकंदांच्या आत असेल आणि रंग बदलत नसेल तर घाबरायचं नाही, हे सांगून गेल्या.

एवढंच.

रात्रपाळी

घाईत असलो की आम्ही अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतो. करू नये, पण करतो. ती पूर्ण मिनिट उभी राहिली.

कुचकट_काका

ते सगळं ठीक. कानांचं काय झालं?

अर्धी_झोप

डावा उलगडला. उजवा अजून तसाच आहे. उठली, येते.